उत्तर बरोबर, विचार अमान्य

अकरा वाजता निकाल शाळेच्या पडद्यावर दिसायला लागला आणि अकरा वाजून चार मिनिटांनी भार्गवी येमूलच्या नावापुढे लाल चौकोन उमटला.

शीतल हत्तुरे बाईंना वाटलं, आपलीच ओळ चुकली. भार्गवी त्यांच्या पाचवीच्या वर्गातली. फळ्यावर उदाहरण लिहून होण्याआधी उत्तर देणारी, आणि तेही बरोबर देणारी. बाईंनी चष्मा पुसला, नावावर बोट ठेवलं. आतला तपशील उघडला.

"अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे. उत्तरे बरोबर : बारापैकी बारा. विचार मान्य : बारापैकी तीन. शेरा : उत्तर बरोबर, विचार अमान्य. बाहेरून मदत मिळाल्याची शक्यता."

आणि खाली निळी चौकट : "पर्यवेक्षकाची सहमती. येथे बोट टेकवा."

सोलापूरपासून तासाभरावरच्या चिंचणगावात बाई सत्तावीस वर्षं शिकवत होत्या. गेल्या तीन वर्षांत त्यांनी असं बोट एकतीस वेळा टेकवलं होतं. दर वेळी जरा वाईट वाटायचं. मग 'यंत्राचं काय कुणाशी वैर आहे?' असं मनाशी म्हणून त्या पुढच्या नावाकडे वळायच्या. आज बोट पुढे जाईना.

हे विचारपट्टीचं प्रकरण दोन हजार एक्केचाळीस साली सुरू झालं. त्याआधी दोन वर्षं लागोपाठ पाचवीच्या राज्य परीक्षेचे पेपर फुटले होते. उत्तरं पाठ करून आलेली मुलं पहिली आणि घाम गाळणारी मुलं शेवटी, असा सगळा उलटा कारभार. लोक चिडले, मोर्चे निघाले. तेव्हा राज्य अध्ययन मापन मंडळानं उपाय काढला. परीक्षेला बसताना प्रत्येक मुलाच्या कपाळाला दोन बोटं रुंद मऊ पट्टी बांधायची. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कपाळाच्या हाडातून दोन-तीन सेंटिमीटर आत जातो. मेंदूचा जो भाग राबत असतो, तिकडे ताजं, प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त धावतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त हा प्रकाश सारखा शोषत नाहीत. परत आलेल्या प्रकाशावरून डोकं कधी राबलं आणि किती राबलं, ते कळतं. समोरचा कॅमेरा डोळे कुठल्या शब्दावर थांबले ते टिपतो. पेन हाताचा दाब टिपतं. इथपर्यंत सगळं शास्त्र होतं, आणि चोख होतं.

गोम पुढे होती. या खुणा यंत्र एका नमुन्याशी ताडून पाहायचं. लाखो तपासलेल्या वह्या आणि हजारो मुलांच्या चाचण्या यांवरून ते शिकलं होतं की उदाहरण 'नीट' सोडवणारं मूल आधी काय वाचतं, कुठे अडतं, कोणती पायरी आधी मांडतं. मूल त्या वाटेनं गेलं की विचार मान्य. दुसऱ्या वाटेनं जाऊन त्याच गावी पोचलं, तर ते चालत आलेलंच नाही, कुणीतरी उचलून आणून सोडलं, असा यंत्राचा निष्कर्ष.

आणि या निष्कर्षावर सहावीची शाखा ठरायची. गणित शाखा किंवा दुरुस्ती-कारागिरीची उपयोजन शाखा. एकदा उपयोजनात गेलेल्या मुलाला बारावीपर्यंत परतीची वाट नव्हती. मंडळ मात्र जाहिरातीत अभिमानानं सांगायचं, 'अंतिम निर्णय माणसाचाच!' तो माणूस म्हणजे निळ्या चौकटीत बोट टेकवणाऱ्या हत्तुरे बाई.

मधल्या सुट्टीत त्यांनी भार्गवीला बोलावलं. निकाल तिच्या कानावर गेला होताच. डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती.

"बाई, मी कॉपी नाही केली."

"मी तसं म्हटलंय का? बस इथं. सातवं उदाहरण आठवतंय?"

"एका ब्लाउजला पाऊण मीटर कापड लागतं. साडेदहा मीटरमध्ये किती ब्लाउज होतील? चौदा."

"कसे?"

भार्गवीनं ओढणीचं टोक हातात घेतलं. तिची आई अंबुजा शिलाईचं काम करायची. पोरीला शब्दांपेक्षा कापड हाताशी असलं की बरं वाटत असावं.

"पाऊण म्हणजे पाव कमी, हो ना? म्हणजे प्रत्येक ब्लाउजमागं पाव मीटर शिल्लक राहतंय. चार ब्लाउज केले की चार पाव शिल्लक, म्हणजे एक अख्खा मीटर वाचला. म्हणून चार ब्लाउजला तीनच मीटर. नऊ मीटरला बारा. राहिला दीड मीटर. तो तिनाच्या निम्मा, तर ब्लाउजही चाराच्या निम्मे, दोन. चौदा."

बाई बोटांवर हिशेब जुळवून पाहत होत्या. पोरीला वाटलं, पटलं नाही.

"मी परत ताडून पण बघितलं, बाई. आमच्या घरी तेलुगूत पाऊणला मुप्पावु म्हणतात. मुप्पावु म्हणजे तीन पाव. मग साडेदहा मीटरचे पाव केले, बेचाळीस. तीन-तीनचे गट पाडले. चौदाच आले. मराठीतून आणि तेलुगूतून एकच उत्तर आलं, की मग मी लिहिते."

"पेपरात हे का नाही लिहिलंस?"

"लिहायचं काय त्यात? दिसतं की."

बाईंनी तिच्या परीक्षेचा आलेख उघडला. सातव्या उदाहरणाला सतरा सेकंद. डोळे प्रश्नावरून निघून आपल्याच बाहीच्या शिवणीवर गेलेले. कपाळात फारशी धावपळ नाही. पेन हवेत. मग एकदम 'चौदा'. यंत्राला हवी होती ती वाट अशी : साडेदहाचे एकवीस छेद दोन, पाऊणचे तीन छेद चार, भागाकाराचा गुणाकार, दुसरा अपूर्णांक उलटा, चौऱ्याऐंशी छेद सहा, चौदा. शेजारच्या बाकावरच्या मुलानं तस्संच केलं होतं. त्याला हिरवा चौकोन होता. बाईंनी त्यालाही बोलावून विचारलं, "अरे, अपूर्णांक उलटा का करतात?"

"तसं करायचं असतं, बाई," तो म्हणाला.

दोन वाटांनी जाऊन स्वतःचं उत्तर तपासणाऱ्या मुलीनं विचार केला नाही, आणि 'तसं करायचं असतं' म्हणणाऱ्यानं केला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पडदा सही न करताच बंद केला.

रविवारी त्यांची मुलगी ऋजुता पुण्याहून आली. ती मापन मंडळातच नोकरीला होती, विचारपट्टीच्या विभागात. जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. ऋजुतानं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"आई, सात दिवसांत सही केली नाहीस तर आपोआप जिल्ह्याला सुनावणी लागते. तुझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. कशाला ओढवून घेतेस?"

"पोरीचं उत्तर बरोबर आहे, ऋजू. विचारही बरोबर आहे. तुमच्या यंत्रापेक्षा सरस आहे."

"यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असतं. माणसं असतात का तेवढी? पेपर फुटायचे तेव्हा तूच रडली होतीस ना?"

"परीक्षेला किती मुलं बसतात?"

"सोळा लाख."

"मग शंभरात दोन म्हणजे बत्तीस हजार. बत्तीस हजार पोरांना दर वर्षी चोर ठरवता, आणि मला म्हणता बोट टेकव."

"चोर कुणी म्हणत नाही. 'शक्यता' म्हणतो आम्ही."

"घरी पोचेपर्यंत त्या शक्यतेचं काय होतं, ते तुम्हाला पुण्यात कसं कळणार?"

ऋजुता चिडली. उठून हात धुऊन आली आणि दारातच उभी राहून बोलली. आवाज हळू होता, पण शब्द टोचणारे होते.

"यंत्राला नावं ठेवतेस ना? ते कुणाकडून शिकलं माहीत आहे? मी कॉलेजात असताना मंडळानं शिक्षकांकडून तपासलेल्या वह्या मागवल्या होत्या. तू माळ्यावरची तीन पोती काढून दिलीस. बारा वर्षांच्या वह्या. मीच पानं स्कॅन केली. तुझ्यासारख्या चार हजार शिक्षकांच्या वह्या आल्या होत्या. तुझ्या लाल पेनानं जिथं गुण कापले, तिथं यंत्र 'चूक' शिकलं. उत्तर बरोबर असलं तरी 'पायऱ्या कुठे आहेत?' म्हणून तू निम्मे गुण कापायचीस. मलासुद्धा कापलेस. आम्ही वेगळं काय केलं, सांग."

ऋजुता त्याच दुपारच्या गाडीनं परत गेली.

ती गेल्यावर बाई माळ्यावर चढल्या. एक पोतं अजून होतं. वरचीच वही कुणा दिलावर मणेरची, पंधरा वर्षांपूर्वीची. पाणी भरण्याच्या टाकीचं उदाहरण. पोरानं टाकीचं चित्र काढून तिचे बारा भाग पाडले होते आणि खाली उत्तर लिहिलं होतं. बरोबर उत्तर. त्यावर बाईंच्याच हस्ताक्षरात, लालभडक : 'चित्रकलेचा तास नाही. पायऱ्या?' आणि अर्धा गुण वजा. त्यांनी दहा-बारा वह्या पाहिल्या. प्रत्येकीत दोन-तीन असे शेरे होते. इतका वेळ मंडळावर असलेला त्यांचा राग आता त्यांच्याच अंगावर उलटला, आणि तो सोसणं फार कठीण होतं. त्यांना वाटलं, शिस्त लावतोय म्हणून आपण जे काही केलं, ते यंत्रानं मुकाट्यानं शिकून घेतलं. फक्त अर्धा गुण कापण्याऐवजी ते अख्खं पोर कापायला लागलं.

सही त्यांनी केली नाही. आठव्या दिवशी सुनावणीची तारीख आली.

जिल्ह्याच्या कार्यालयात भार्गवी, तिची आई अंबुजा आणि हत्तुरे बाई अशा तिघी गेल्या. सुनावणीला उपसंचालक सरनोबत होते. गणितात डॉक्टरेट केलेले, मृदू बोलणारे. त्यांनी भार्गवीला जवळ बसवून घेतलं आणि पट्टी न बांधता तिला चार नवी उदाहरणं घातली. तिनं चारही सोडवली, आणि कशी सोडवली ते ओढणीला घड्या घालून दाखवलं. तिसऱ्या उदाहरणाला सरनोबतांनी स्वतःच्या कागदावर आडवी रेघ मारून आकडेमोड केली, तिच्या उत्तराशी ताडून पाहिली आणि हसले.

"ही मुलगी फार चांगला विचार करते," ते म्हणाले.

अंबुजाच्या तोंडावर उजेड पडला. बाई म्हणाल्या, "मग तसं लिहा, साहेब."

सरनोबतांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथंच अडचण आहे, बाई. बघा. यंत्राच्या निर्णयाशी सहमत, किंवा असहमत. असहमत म्हटलं की कारण निवडायचं. कारणं तीन. वीज गेली, पट्टीत बिघाड झाला, किंवा पर्यवेक्षकानं पट्टी नीट बांधली नव्हती."

"मुलीचा विचार बरोबर आहे, यंत्राला तो कळला नाही, असं कारण?"

"ते यादीत नाही."

"नाही म्हणजे? तुम्ही आत्ता तोंडानं म्हणालात ना?"

"मी म्हणालो. पण तसं लिहिलं तर यंत्राचा नमुनाच चुकीचा आहे, असा अर्थ होतो. मग आजवरचे सगळे निकाल उकरावे लागतील. ते माझ्या हातात नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "पर्यवेक्षक तुम्ही होता. पट्टी सैल बांधली गेली होती, एवढं लिहून दिलंत तर मी आत्ता, या क्षणी, हिला गणित शाखेत घालतो. तुमच्या सेवापुस्तकात ठपका येईल. पण पोरीचं कल्याण होईल."

"पट्टी सैल नव्हती. मी स्वतः दोनदा ओढून पाहिली होती."

"मला ठाऊक आहे."

खरं ते खरं ठरवण्यासाठी खोटं लिहून द्यायचं! म्हणजे यंत्र निर्दोष, नमुना निर्दोष, मंडळ निर्दोष. पोर सुटणार ती हुशार म्हणून नाही, तर बाई वेंधळ्या म्हणून. त्यांना वाटलं, टेबलावर हात आपटावा, नाही म्हणावं, वर्तमानपत्रात जावं.

तेवढ्यात अंबुजानं त्यांचा दंड धरला. "बाई, मला तुमची लढाई कळत न्हाई असं न्हाई. पण तुम्ही लढत बसाल तोवर माझी पोर तिकडं अडकंल. तिचं वरीस परत येणार हाय का? द्या लिहून. तुमच्या पाया पडते."

भार्गवी आईकडे पाहत होती, बाईंकडे पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "पण बाईंनी पट्टी घट्ट बांधली होती."

"तू गप," अंबुजा म्हणाली.

बाईंनी लिहून दिलं. सरनोबतांनी कळ दाबली आणि लाल चौकोन हिरवा झाला. अंबुजानं पदरानं डोळे पुसले.

उठता उठता बाईंनी विचारलं, "साहेब, ही कबुली द्यायला मुदत किती असते?"

"पर्यवेक्षकाच्या कबुलीला मुदत नाही. निकाल कितीही जुना असला तरी त्या मुलाला तोंडी फेरपरीक्षेचा हक्क मिळतो, आणि पास झालं तर शाखाही बदलते. पट्टीशिवाय. फक्त पालकांची सही लागते." बोलून झाल्यावर सरनोबतांना आपण काय सांगून बसलो ते उमगलं. ते बाईंकडे पाहत राहिले. मग त्यांनी कपाटातून कबुलीचे कोरे अर्ज काढले आणि गठ्ठाच्या गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकतीस अर्ज लिहायला घेतले. तीन वर्षांतली एकतीस नावं त्यांना यादी न काढता आठवली, याचंच त्यांना नवल वाटलं. दुपारी ऋजुताचा फोन आला. सुनावणीची बातमी पुण्यापर्यंत पोचली होती. अर्जांचं बाईंनीच सांगितलं.

"आई, एकतीस वेळा पट्टी सैल? कोण विश्वास ठेवेल? चौकशी लागेल, निलंबन होईल. आणि तू खोटं लिहितेयस!"

"हो, खोटंच लिहितेय. तुमच्या यादीत खरं लिहायला जागा नाही. तुझ्या हातात असेल तर एक ओळ वाढव, 'मूल बरोबर आहे' अशी. मग मी हे सगळे अर्ज फाडते आणि तिथं सही करते."

मग ऋजुता म्हणाली, "ती ओळ वाढवायला मी अर्ज देते. मंजूर होणार नाही."

"दे तरी."

"आणि आई, त्या दिवशी मी फार बोलले."

"खरं तेच बोललीस," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पुढचा अर्ज ओढला.

पहिलं घर स्वरांजली वाघमोडेचं. पट्टीच्या पहिल्याच वर्षी, बाईंनी पहिलं बोट टेकवलं ते तिच्या नावावर. आता ती आठवीत होती, उपयोजन शाखेत, पंपदुरुस्ती शिकत होती. तिचे वडील सदाशिव दूध डेअरीत होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पट्टी, सही, अर्ज. "तुमच्या मुलीनं कॉपी केली नव्हती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी विचारलंसुद्धा नाही तिला."

सदाशिव वाघमोडे खाली बघत म्हणाले, "ती सांगत होती, बाई. आठ दिवस सांगत होती, की मी केली न्हाई म्हणून. आम्ही म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलंल? शाळेनं सही केलीय, बाईंनी सही केलीय." त्यांचा आवाज एकदम चढला. "मी मारलं तिला. पट्ट्यानं मारलं. कबूल करीस्तवर. आन् तिनं शेवटी कबूल केलं, बाई! न केलेलं कबूल केलं! आता तुम्ही येऊन सांगताय?"

बाईंनी मान खाली घातली नाही. घालायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. "बोला," त्या म्हणाल्या. "मी ऐकायलाच आलेय."

तेवढ्यात आतून स्वरांजली आली. उंच झाली होती. नखांत वंगण होतं. तिनं सगळं ऐकलं असावं, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"फेरपरीक्षा तोंडी आहे," बाई तिला म्हणाल्या. "तू तेव्हा एक उदाहरण फार सुरेख सोडवलं होतंस. अडीच तासांत टाकीचा पाच-अष्टमांश भाग भरतो, तर पूर्ण टाकी किती तासांत भरेल? तू एका झटक्यात चार तास लिहिलं होतंस. कसं केलं होतंस, आठवतं?"

स्वरांजलीनं थोडा वेळ आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही, बाई. कायतरी अर्ध्या-अर्ध्या तासाचं होतं. आता तसं नाही येत मला. पण थांबा, करते."

तिनं पेन घेतलं आणि अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. अडीचचे पाच छेद दोन. भागिले पाच छेद आठ. भागाकाराचा गुणाकार, दुसरा अपूर्णांक उलटा. पाच छेद दोन गुणिले आठ छेद पाच. चाळीस छेद दहा. चार. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, शेवटी दोन रेघा. कुठं डोकं वर करून पाहिलं नाही, कुठं थांबली नाही.

कागद तिनं बाईंपुढे धरला. "आता बरोबर आहे ना, बाई?"

बाईंनी तो कागद दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांतलं पाणी त्या ओळींवर पडू नये म्हणून त्यांनी तो जरा लांब धरला.

"तेव्हाच बरोबर होतं, बाळा," त्या म्हणाल्या. मग कागद उलटून त्यांनी अर्जावरची सहीची जागा वाघमोड्यांपुढे केली आणि स्वरांजलीला शेजारी बसवून घेतलं. "अर्ध्या-अर्ध्या तासाचं काय होतं, ते आपण दोघी मिळून आठवू. मला घाई नाही."